नवागताची पहिली नोंद

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या गावाचे नाव मराठी विकिपीडियावर शोधावे, तर बहुधा त्या गावाचे पान सापडते. परंतु ते उघडून पाहणारा त्याच गावचा रहिवासी असेल, तर पहिल्या आनंदाच्या पाठोपाठ त्याच्या मनाला एक हुरहुर लागल्यावाचून राहत नाही. गावाचे क्षेत्रफळ इतके हेक्टर, २०११ च्या जनगणनेनुसार कुटुंबे इतकी, लोकसंख्या इतकी, त्यांत पुरुष किती व स्त्रिया किती, प्राथमिक शाळा आहे किंवा नाही, पिण्याच्या पाण्याची सोय कोणती, टपालकचेरी किती अंतरावर, असा तो मजकूर असतो. हा मजकूर उपयुक्त आहे, आणि जनगणनेच्या तक्त्यांतून तो ज्यांनी परिश्रमपूर्वक उतरवून घेतला त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण ज्या गावाच्या शिवेत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, ज्या गावची माणसे चैत्र-वैशाखात बाळहिरडा वेचून वर्षाच्या मीठमिरचीची तजवीज करतात, किंवा ज्या गावाची अर्धी जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली, त्या गावाची ओळख तेवढ्या आकड्यांनी पुरी होत नाही. उरलेला भाग लिहिण्याजोगे ज्ञान त्या गावातील वा त्या गावाशी संबंध असलेल्या माणसांपाशीच असते. आणि त्या माणसांनी विश्वकोशात आजवर एक ओळही लिहिलेली नसते. त्यांना ती पहिली ओळ लिहायला शिकवणारा, आणि ती पुसली जाऊ लागली तर त्यांच्या शेजारी उभा राहणारा, असा कोणी जाणता सोबती लागतो. त्या सोबत्याच्या कामाविषयी चार शब्द येथे लिहावयाचे आहेत.

विकिपीडिया हा विश्वकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला, आणि त्याच्या मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाला. या विश्वकोशाला पगारी संपादकवर्ग नाही आणि मुद्रणालयही नाही. त्याची प्रत्येक नोंद स्वेच्छेने लिहिणाऱ्या माणसांनी लिहिलेली असते, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर वाचकाच्या हाताशीच ‘संपादन’ अशी एक कळ ठेवलेली असते, जी दाबताच तो वाचक लेखक होऊ शकतो. पदवी, वशिला, शिफारसपत्र, वय, यांपैकी कशाचीही अट नाही. हे औदार्य जगाच्या ज्ञानव्यवहारात अपूर्व होते, यात शंका नाही. तथापि या मोकळ्या दाराच्या आत गेल्यावर काही कडक शिस्त पाळावी लागते, आणि ती दारावर ठळक अक्षरांत लिहिलेली नसते. लिहिलेले प्रत्येक विधान इतरांना पडताळून पाहता आले पाहिजे, म्हणजे ते कोठेतरी विश्वसनीय ठिकाणी प्रसिद्ध झालेले असले पाहिजे; लेखनाचा सूर तटस्थ असला पाहिजे; स्वतःचे नवे संशोधन येथे प्रथमच मांडता येत नाही; दुसऱ्याच्या पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवता येत नाही; आणि ज्या विषयावर पान लिहावयाचे तो विषय स्वतंत्र पानाइतका उल्लेखनीय असल्याचे दाखवावे लागते. हे नियम सुज्ञ आहेत. ते नसते तर जो तो आपापल्या मनातले लिहिता आणि वाचकाला कशावरच भरवसा ठेवता आला नसता. अडचण एवढीच की बहुतेक नवागतांना ते वाचून कळत नाहीत. आपला मजकूर नाहीसा झाला म्हणजे कळतात.

हा मजकूर नाहीसा कसा होतो, हे गावच्या माणसाला समजावून सांगावयाचे तर तलाठ्याच्या दप्तराचा दाखला देण्यासारखे सोपे दुसरे काही नाही. जमिनीच्या हक्कात बदल झाला की फेरफाराची नोंद क्रमांकानिशी होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्यास मुदत मिळते, आणि सातबाऱ्यावरील जुने नाव कंसात गेले तरी मागचे फेरफार काढून कोणालाही सर्व इतिहास वाचता येतो. विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ या नावाने असेच एक दप्तर असते: कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला वा काढला, याची बिनचूक नोंद तेथे राहते, आणि काढलेला मजकूरही कायमचा नष्ट होत नाही. फरक असा की येथे हरकतीला मुदत नसते. ‘अलीकडील बदल’ या यादीवर नजर ठेवून बसलेला कोणीही सदस्य नवी नोंद दिसताक्षणी ती परतवू शकतो. पुष्कळदा तसे करणे अवश्यही असते, कारण शिवीगाळ, जाहिराती आणि खोडसाळपणा यांचा ओघ कधी थांबत नाही. परंतु त्याच ओघात एखाद्या प्रामाणिक माणसाने रात्री दोन तास खपून लिहिलेला परिच्छेदही वाहून जातो. सकाळी तो माणूस पाहतो, तर त्याच्या गावाचे पान पुन्हा पूर्वीसारखे आकड्यांचे झालेले, आणि बदलाच्या आढाव्यात ‘संदर्भ नाही’ एवढे दोनच शब्द. परतवणाऱ्याचे नियमाप्रमाणे काही चुकलेले नसते, लिहिणाऱ्याने लिहिलेले खोटे नसते. पण त्या दिवसानंतर तो लिहिणारा पुन्हा फिरकत नाही.

असे आपल्याकडेच घडते असे नव्हे. इंग्रजी विकिपीडियावर नियमितपणे लिहिणाऱ्या सदस्यांची संख्या २००७ च्या सुमारास शिखराला पोचून नंतर उतरू लागली. आणि या घसरणीची कारणे शोधणाऱ्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले की सद्धेतूने लिहिणाऱ्या नवख्यांचे लेखन झटपट परतवले जाणे, आणि तेही पुष्कळदा यंत्राच्या साह्याने, हे तिचे एक मोठे कारण होते. नवख्यांवर तुटून पडू नये असा संकेत तेथे फार पूर्वीच लिहून ठेवलेला होता. परंतु संकेत लिहून ठेवल्याने सोबत मिळत नाही. म्हणून २०१२ मध्ये तेथे नवागतांच्या प्रश्नांना माणसांनीच, सौम्य भाषेत, उत्तरे देण्यासाठी एक स्वतंत्र जागा उघडली गेली, आणि पुढे नव्या सदस्याला आरंभीच एक मार्गदर्शक नेमून देण्याची सोयही विकिपीडियाच्या यंत्रणेत आली. मराठीत लिहिणाऱ्यांची संख्या मुळातच थोडी असल्यामुळे येथे एक नवागत गमावणे म्हणजे कदाचित एका संपूर्ण तालुक्याचा लेखक गमावणे ठरते.

मराठी कोशवाङ्मयाच्या इतिहासाकडे पाहिले तर नवे लेखक सोबतीने घडवावे लागतात ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींनी चांगली ओळखलेली होती असे दिसते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत विद्याभ्यास करून परतल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. त्यासाठी भागभांडवलाची मंडळी काढली, कचेरी आधी नागपुरास व मग पुण्यास थाटली, आणि तेवीस खंडांचे ते प्रचंड कार्य तडीस नेले. ज्ञानकोश लिहिण्याचा अनुभव असलेली माणसे त्या काळी महाराष्ट्रात तयार मिळण्याचा संभवच नव्हता. ती त्या कचेरीतच, टिपणे काढता काढता, तयार व्हावी लागली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही जोडी त्याच कार्यशाळेत घडली, आणि पुढे या दोघांनी महाराष्ट्र शब्दकोश आणि सुलभ विश्वकोश यांसारखी कामे स्वतःच्या बळावर उभी केली. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाची उभारणी झाली, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तेथेही अभ्यागत लेखकांचे लेखन तपासून, सुधारून, एका परिभाषेत बसवून घेणारा संपादकवर्ग होता. केतकरांचे खरे यश तेवीस खंडांइतकेच त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेल्या माणसांत आहे, असे माझे मत आहे. विकिपीडियाला कचेरी नाही. म्हणून तेथे एका टेबलाशी बसून शिकण्याची जी संधी दाते-कर्व्यांना आपसूक मिळाली, ती आज कोणीतरी जाणीवपूर्वक निर्माण करावी लागते.

आता ही सोबत प्रत्यक्षात कशी असते ते जरा जवळून पाहू. समजा, डिंभे धरणाच्या जलाशयाकाठच्या एखाद्या गावातील शाळेच्या बाई नव्याने सदस्य झाल्या आहेत. घोड नदीवरील या धरणाच्या पाण्यात जी गावे गेली त्यांत तालुक्याला आपले नाव देणारे आंबेगावही होते. तालुक्याची कचेरी आज घोडेगावी आहे. बाईंना आपल्या बुडालेल्या गावाविषयी लिहावयाचे आहे, आणि त्यांनी लिहिलेली पहिली तीन वाक्ये अशी आहेत: ‘आमचे जुने गाव फार समृद्ध होते. लोक सुखासमाधानाने राहत असत. धरणात शासनाने आमच्यावर अन्याय केला.’ घाईचा संपादक ही तिन्ही वाक्ये एका झटक्यात काढून टाकील. जाणता सोबती आधी एवढेच करतो की बाईंना तो मजकूर त्यांच्या ‘धूळपाटी’वर, म्हणजे सरावासाठी असलेल्या त्यांच्या स्वतःच्या पानावर, नेऊन ठेवायला सांगतो, जेथे तो कोणी सहसा पुसत नाही. मग तो एकेका वाक्यापाशी थांबतो. ‘बाई, हे खरे आहे याविषयी मला शंका नाही, पण उद्या अकोल्याचा एखादा वाचक विचारील की हे कोठे छापले आहे, तर त्याला काय दाखवायचे?’

‘समृद्ध’ म्हणजे काय, असे तो विचारतो. आणि बाई सांगू लागतात. भात कोणत्या जातीचे पिके, बाजार कोणत्या वारी भरे, नदीकाठी कोणती देवळे होती. यांतले पुष्कळसे लिहिण्याजोगे असते, फक्त त्याला साक्ष हवी असते. सोबती सांगतो की मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील स्थलवर्णनाचा भाग पाहा. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपूर्वी, १९५४ मध्ये, निघालेली त्याची सुधारित आवृत्ती पाहा. धरण होण्यापूर्वीच्या जनगणनांच्या जिल्हा पुस्तिका पाहा, कारण त्यांत बुडालेले गाव जिवंत गाव म्हणून नोंदलेले असते. दुसरे वाक्य काढावे लागते, आणि का काढावे लागते ते बाईंना एकदा पटले की पुढे त्या स्वतःच तसली वाक्ये लिहीत नाहीत. खरी कसोटी तिसऱ्या वाक्याची. तटस्थतेच्या नावाखाली ते सरळ पुसून टाकले, तर विस्थापितांचे दुःख विश्वकोशातून हद्दपार होईल, आणि तेही एक प्रकारचे पक्षपाती लेखनच होईल. सोबती बाईंना सांगतो की ‘अन्याय झाला’ असा निवाडा आपण देऊ नये. किती गावे विस्थापित झाली, मोबदला व पर्यायी जमीन यांविषयी कोणत्या तक्रारी झाल्या, त्या कोणी केल्या, शासनाचे म्हणणे काय होते, हे ज्या वृत्तपत्रांत, अहवालांत वा पुस्तकांत आले असेल त्यांच्या हवाल्यानिशी लिहावे. या भागात ‘शाश्वत’ या संस्थेने धरणग्रस्त आदिवासींबरोबर अनेक वर्षे काम केले आहे. जलाशयातील मासेमारीविषयी, आणि डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याच्या ‘पडकई’ या सामुदायिक कामाविषयी छापील मजकूर मिळण्याचा तो एक मार्ग. अशा रीतीने बाईंची तीन वाक्ये दोन परिच्छेदांची होतात, आणि त्यांतील एकही ओळ सोबत्याने लिहिलेली नसते.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांचे फार मोठे ज्ञान कधी छापलेच गेलेले नाही. हिरड्याच्या झाडाला बहर कसा येतो, तो कोणत्या अवस्थेत तोडला म्हणजे बाळहिरडा होतो आणि कोणत्या अवस्थेत मोठा, वाळवण किती दिवसांचे, हे ज्या म्हातारीला तळहातासारखे पाठ आहे तिच्या बोलण्याला विश्वकोश संदर्भ म्हणून स्वीकारत नाही. नवागताला हे अपमानास्पद वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते या ठिकाणी सोबत्याने नियमाची वकिली करण्याऐवजी मार्ग काढून द्यावा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, तालुक्याच्या साप्ताहिकात, एखाद्या दिवाळी अंकात किंवा महाविद्यालयाच्या संशोधन-प्रकल्पात ते ज्ञान त्या म्हातारीच्या नावानिशी आधी प्रसिद्ध होऊ द्यावे, एखाद्या जाणत्या संपादकाच्या नजरेखालून जाऊ द्यावे, आणि मग त्याच्या आधाराने विश्वकोशात लिहावे. हा मार्ग लांबचा आहे. परंतु त्यामुळे गावात लिहिण्याची सवय लागते, आणि स्मरणिका काढणाऱ्यांना आपल्या अंकातील मजकूर उद्या कोणीतरी पुरावा म्हणून वाचणार आहे याचे भान येते.

पुराव्याचे पारडे कसे तोलावे हे शिकवण्यास मात्र या दोन तालुक्यांइतकी चांगली पाठशाळा सापडणे अवघड आहे. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका शहराभोवती इतकी लेणी भारतात अन्यत्र नाहीत. त्यांतील दानलेखांत यवन दात्यांची नावे आहेत, आणि मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, ४६ हे वर्ष नोंदलेला, लेख आहे. पश्चिमेला नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख असून त्यातील संख्याचिन्हांवर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये लिहिलेला निबंध आजही अंकलेखनाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. याच भगवानलालांनी प्राचीन ‘तगर’ नगर म्हणजे जुन्नर असे प्रतिपादन केले होते. पुढे इंग्रज पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी तगर म्हणजे मराठवाड्यातील तेर असे दाखवून दिले, आणि तेच मत विद्वानांनी स्वीकारले. जुन्नरचा अभिमानी नवागत भगवानलालांचे मत सापडताच हर्षभराने ‘जुन्नर हेच प्राचीन तगर होय’ असे लिहून मोकळा होतो. त्याच्यापाशी संदर्भ असतो, तोही थोर पंडिताचा; तरी विधान चूक असते. संदर्भ देणे आणि संदर्भांचे ताळतंत्र समजणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी कोणत्याही नियमावलीपेक्षा अशा एका उदाहरणाने लवकर चढता येते.

याहून अवघड उदाहरण कुकडीकाठच्या बोरी या गावाचे. तेथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे. ती राख सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याहून कितीतरी प्राचीन स्फोटाची, यावर संशोधकांत दीर्घ काळ वाद चालला; कारण राखेचे वय ठरले की हत्यारांचे वयही त्याबरोबर हलते. येथे तगराप्रमाणे एक मत चूक व दुसरे बरोबर असे म्हणून सुटका होत नाही. दोन्ही बाजू, त्यांची प्रमाणे आणि त्या मांडणाऱ्यांची नावे, समतोलपणे लिहावी लागतात, आणि आपल्या गावाची हत्यारे अधिकात अधिक प्राचीन ठरावीत हा मोह आवरावा लागतो. बोरीच्याच एखाद्या तरुणाने हा मोह आवरून ते पान लिहिले, तर त्याला विश्वकोश लिहिणे म्हणजे काय हे कळले असे खुशाल समजावे.

बाकीच्या गोष्टी लवकर शिकता येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणे, संदर्भ जोडण्याची कळ कोठे आहे ते पाहून ठेवणे, स्वतः काढलेली छायाचित्रे मुक्त परवान्याखाली चढवणे, हे एका दुपारचे काम. आजोबांच्या संग्रहातील छायाचित्र आपल्या घरात असले तरी त्याचा प्रताधिकार काढणाऱ्याकडे असू शकतो, हे मात्र समजावून सांगावे लागते. तसेच लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटल्यावर त्याचे ग्रंथ सर्वांना मोकळे होतात आणि ते विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात ठेवता येतात, हेही. खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीविषयी लिहू पाहणाऱ्याला बहुतेक साधने इंग्रजीतच मिळतात, आणि भाषांतरयंत्राच्या हवाली सर्व करून टाकण्याची इच्छा होते. त्याला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतील चौदा मध्यवर्ती भागात आणि सोळा तीन भुजांवर, हे आधी स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे, म्हणजे त्याचे मराठी आपोआप उभे राहते. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तेथल्या विठाबाई नारायणगावकरांविषयी लिहिताना तर हृदय हेलावणाऱ्या आख्यायिका हाताशी येतात. त्या खोट्या आहेत असे कोणी म्हणत नाही. परंतु त्या प्रथम कोणी, कोठे आणि केव्हा छापल्या, हे शोधून लिहिणे हाच त्या थोर कलावतीचा खरा सन्मान.

एका विषयापाशी मात्र सोबत्याने अधिक जबाबदारीने थांबले पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. त्या दुर्घटनेची नोंद विश्वकोशात काही दिवसांतच झाली, कारण देशभरच्या वृत्तपत्रांत तिची वार्ता होती. त्यापूर्वीच्या माळीणची माहिती शोधू गेले तर फारसे काही हाती लागत नाही. एखादे गाव जगाच्या ज्ञानात आपल्या मरणाच्या दिवशीच प्रथम प्रवेश करते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्या परिसरातील एखादा नवागत माळीणविषयी लिहू लागला, तर त्याच्या मनावरचा भार ओळखून, मृतांच्या खासगी आयुष्याची माहिती विश्वकोशात का आणू नये हे त्याला हळुवारपणे सांगावे. आणि आसपासच्या ज्या गावांवर अद्याप कोणतेही संकट आलेले नाही त्यांच्या शेतीचे, पाणवठ्यांचे, देवस्थानांचे लेखन आधी करण्यास सुचवावे.

सोबत्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचा उत्साह. नवागताचे वाक्य अडखळते, तेव्हा त्याच्या हातातून कळफलक काढून घेऊन स्वतः दोन मिनिटांत परिच्छेद लिहून देण्याची ऊर्मी अनुभवी सदस्याला अनावर होते. पान सुंदर होते, आणि नवागत प्रेक्षक होतो. पुण्यात आणि अन्यत्र विकिपीडियाच्या पुष्कळ कार्यशाळा होतात, बंगळूरच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेनेही मराठीसाठी अशा कार्यशाळा घेतल्या, आणि त्यांचा उपयोग निःसंशय होतो. पण एका दिवसाच्या कार्यशाळेत पन्नास जणांची खाती उघडली, छायाचित्रे निघाली, आणि पुढच्या महिन्यात त्यांतले कोणी लिहीत नाही, असे होऊ द्यावयाचे नसेल तर त्या पन्नासांपैकी निदान पाच जणांच्या चर्चापानावर, म्हणजे त्या सदस्याशी बोलण्यासाठी असलेल्या पानावर, पुढचे सहा महिने कोणीतरी जात राहिले पाहिजे. त्यांच्या लेखनाला हरकत आली की हरकत घेणाऱ्याशी ‘आपण’ अशा आदराने बोलून नवख्याची बाजू मांडावी, आणि हरकत रास्त असेल तर तीही नवख्याला समजावून द्यावी. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, कसे बोलावे, कोणत्या गोष्टीसाठी प्रचालकांकडे, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या सदस्यांकडे, जावे आणि कोणत्यासाठी जाऊ नये, हे पुस्तकातून येत नाही; ते दुसऱ्याला बोलताना पाहून येते. आणि सोबत केव्हा संपवावी हेही सोबत्याला कळले पाहिजे. नवागताने पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या लेखनात ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली, आणि ती करताना त्या लेखकाला एक सौजन्याची ओळ लिहिली, की त्या दिवशी त्याला मोकळे सोडावे.

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथे आज महाविद्यालये व वाचनालये आहेत, गावोगावी वाचत्या-लिहित्या शिक्षकांची उणीव नाही, आणि प्रत्येकाच्या हाती दूरध्वनी आहे. साधनांची सबब आता पुढे करता येणार नाही. मराठी विकिपीडियावर जे वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे की ‘अलीकडील बदल’च्या यादीत शिवनेरी, लेण्याद्री, डिंभे, माळीण अशा एखाद्या नावापुढे अनोळखी सदस्याची पहिली नोंद दिसली, आणि ती नियमात बसत नसली, तर ती परतवण्यापूर्वी त्या सदस्याच्या चर्चापानावर जाऊन त्याचे स्वागत करावे, काय उणे आहे ते दोन ओळींत सांगावे, आणि त्याला एक आठवड्याची मुदत द्यावी.